मानेकडचं कातडं

मीठ लागलं साठ रुपयांचं,
कातडं वीसचं.
इद संपलेली. मकबूल कसाई म्हणाला,
असंच ने गं, आता टेम्पोवालाबी उचलत नाही.
नोट परत करत होता. मी घेतली नाही.
फुकट आणलेलं कातडं
कमावलं म्हणता येत नाही.

कमावणे.
क्लार्क पगार कमावतो, पैलवान अंग कमावतो,
माझे वडील कातडं कमावतात.
पाचवीत मी असा वाक्यात उपयोग केला होता.
बाईंनी वाक्य खोडलं नाही,
बरोबरची खूणही केली नाही,
वही मिटून दुसरीवर ठेवली.

नळाला पाणी चौथ्या दिवशी,
म्हणून चुन्याचं पिंपही चौथ्या दिवशीच बदललं.
वरच्या मजल्यावर नरसम्मा विड्या वळते,
तिनं धाडकन खिडकी लावली.
दोन दिवसांनी उघडली.
तंबाखूच्या घरात चुन्याचा कसला राग, म्हणाली,
आणि केस मागून नेले, लिंबाच्या बुडात घालायला.

अण्णा खाटेवरून सांगत होते.
रापी आडवी धर.
कापायचं नसतं, लोटायचं.
घाई केलीस तर भोक पडंल, आन् भोक
कायमचं असतं.
मग कोंड्याचं आंबवण, चुना उतरेपर्यंत.
मग होटगी रस्त्याकडची बाभळीची साल,
खलबत्त्यात कुटून, रात्रभर भिजवून.
पहिलं पाणी चहासारखं, नंतरचं काढ्यासारखं.
सुरुवातीलाच दाट दिलं
तर वरवर रंग धरतो, आत कच्चं राहतं.
हे ते माझ्या नवऱ्याबद्दलही म्हणाले होते,
लग्नाआधी.

विसाव्या दिवशी कड कापून पाहिली.
दोन्हीकडून तांबूस,
मधोमध दोऱ्याएवढी पांढरी रेघ.
अण्णांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिली.
अजून आठ दिवस.

मऊपणा सालीत नसतो, तेलातही नसतो.
करडईचं तेल जिरतं, अंग ओलसर असतं,
ओलं नाही, वाळलेलंही नाही,
तेवढ्या वेळात ओढायचं.
वेळ गेली की पापड.
त्या रात्री मी टॉवेलच्या कारखान्याला दांडी मारली.
ओढायला घरात लाकडी कड एकच,
अण्णांच्या खाटेची, पायथ्याची.
बँडेज बांधलेल्या पायाशी उभी राहून
मी कातडं वर-खाली, वर-खाली घासत राहिले.
प्रत्येक ओढीला खाट हलायची.
बारा वाजता विचारलं, त्रास होतोय का,
तर ते घोरत होते,
पाळण्यात घातल्यासारखे.

पहाटे खांदे माझे राहिले नव्हते.
कातडं मात्र मुठीत मावत होतं,
सोडलं की हळूच उलगडायचं.

अण्णांनी ते गालाला लावलं.
तळहातांचा आता भरवसा नाही,
अर्धे चुन्यानं खाल्लेत, अर्धे साखरेनं.
डोळे मिटून गाल फिरवला,
पाठीवरून पोटाकडं, पोटावरून वर.
चाळीस वर्षं हजार-हजार कातडी पाहिलेला माणूस
आता काही बोलेल, म्हणून मी चहा गाळायची थांबले.

मानेकडं कच्चं हाय.

एवढंच.
मग थोड्या वेळानं, भिंतीकडं बघत,
मान कुणाचीच लवकर मऊ होत नाही.

वर्तमानपत्रावर मी त्यांचं पाऊल आखलं.
पेन्सिल अंगठ्यावरून निघाली
आणि करंगळीपर्यंत फार लवकर पोचली,
मधली दोन बोटं गेल्या वर्षी सिव्हिलमध्ये राहिली.
पाठीकडचा भाग चपलेच्या आत बसवला, शिवण बाहेरून,
जखमेला कुठं टाका लागू नये अशी.
मोंढ्यापर्यंत चालून आले.
परत आल्यावर चप्पल काढून आधी आत हात घालून बघितलं,
मग पाय बघितला.

मानेकडचा तुकडा खुंटीला आहे.
रोज विचारतात, ओढलास का.
रोज म्हणते, ओढते.
आज नळाला पाणी आहे, भिजत टाकलाय.